स्कॉटलंडच्या हायलँड्सची रोड ट्रिप: रूट कसा आखायचा, किल्ले कोणते निवडायचे, एकपदरी रस्त्यावर गाडी कशी चालवायची

हायलँड्सचा नकाशा पुढ्यात घेतला की मोह आवरत नाही. स्टर्लिंग टाकू, ग्लेनको टाकू, स्काय बेट तर हवंच, लॉख नेस (लॉख म्हणजे तळं किंवा आत शिरलेली खाडी) कसं सोडणार, आणि एवढं लांब जातोच आहोत तर उत्तर किनाऱ्याचा तो नॉर्थ कोस्ट ५०० पण उरकून घेऊ, असं करत करत लिस्ट वाढते आणि आठ दिवसांच्या ट्रिपमधले पाच दिवस नुसतं स्टेअरिंग हातात राहतं. माझं सांगणं एकच आहे, किलोमीटर कमी ठेवा आणि थांबे जास्त ठेवा. दिवसाला २०० किलोमीटर ही वरची मर्यादा धरा, स्कायवर तर १०० सुद्धा भरपूर झाले. इथे दोन ठिकाणांच्या मधला रस्ता म्हणजे वाया जाणारा वेळ नाही, निम्मी ट्रिप तीच आहे.

आणि रूट आखताना एक गोष्ट डोक्यात असू द्या, इथले किल्ले आणि इथले रस्ते यांचा इतिहास एकच आहे. किल्ले बहुतेक कुळांचे म्हणजे क्लॅन्सचे, मॅकडोनल्ड, कॅम्पबेल, मॅक्लाउड, मॅकरे वगैरे, प्रत्येकाने आपली दरी, आपलं पाणी राखायला बांधलेले. आणि रस्ते आले ते या कुळांना काबूत ठेवायला. १७१५ चं जॅकोबाइट (म्हणजे गादीवरून हटवलेल्या स्टुअर्ट राजघराण्याच्या पाठीराख्यांचं) बंड झालं तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की डोंगरात फौज हलवायला धड रस्ताच नाहीये, मग जनरल वेडला उत्तरेत पाठवलं आणि त्याने १७२५ पासून पुढच्या दहा-बारा वर्षांत सैनिकांना कामाला लावून सुमारे २५० मैल रस्ते बांधून घेतले, त्याच्यानंतर कॉलफील्डने ते काम खूप पुढे नेलं. आज आपण ज्या डांबरी रस्त्यांवरून जातो त्यातले कितीतरी त्याच जुन्या लष्करी वाटेवरून नाहीतर तिच्या शेजारून जातात. त्यामुळे प्रत्येक किल्ल्यापाशी पोचलात की आत शिरायच्या आधी दोन मिनिटं बाहेर थांबून बघा की हा इथेच का आहे. उत्तर समोरच असतं, एखादी खिंड, नदी ओलांडायची जागा, नाहीतर तीन दिशांनी येणारं समुद्राचं पाणी.

कधी जायचं

मे महिना सगळ्यात चांगला, त्याच्या खालोखाल सप्टेंबर. मे मध्ये पश्चिमेकडे पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो, दिवस मोठा असतो, आणि चिलटं अजून जोरात सुरू झालेली नसतात. चिलटं म्हणजे मिज, मिलिमीटर-दीड मिलिमीटरचा जीव पण थव्याने येतात आणि चावून हैराण करतात, जून ते ऑगस्ट पश्चिमेच्या ओल्या भागात त्यांचंच राज्य. वारा असला की उडत नाहीत, संध्याकाळी वारा पडला आणि ढग असले की हजर. त्यामुळे उन्हाळ्यात जात असाल तर तोंडावर घ्यायची बारीक जाळी आणि तिथल्याच केमिस्टकडे मिळणारं मिजचं औषध घ्या, आणि फोटो काढायला पाण्याच्या काठापेक्षा वारा लागेल अशी उंच जागा बघा.

जूनमध्ये इनव्हर्नेसला जवळजवळ १८ तास उजेड असतो, रात्री दहाला सुद्धा गाडी आरामात चालवता येते. डिसेंबरमध्ये उलट, जेमतेम साडेसहा तास, आणि खाजगी मालकीचे बरेचसे किल्ले तर हिवाळ्यात बंदच असतात, डनव्हेगन घ्या, ब्लेअर घ्या. बर्फाच्छादित डोंगर छान दिसतात हे खरं, पण किल्ल्यांसाठी ट्रिप करायची असेल तर एप्रिल ते सप्टेंबर याच काळात जा, ऑक्टोबर उजाडला की एकेक बंद व्हायला लागतो.

गाडी आणि कागदपत्रं

भारतीयांना यूकेचा व्हिजिटर व्हिसा लागतो हे आलंच. आपलं भारतीय लायसन्स तिथे १२ महिन्यांपर्यंत चालतं, पण गाडी भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचे नियम वेगवेगळे असतात, कोणी इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मागतं, कोणी लायसन्स काढून किमान एक वर्ष झालेलं हवं म्हणतं, वयाची अट पण असते. परमिट आरटीओत सहज निघतं, काढूनच ठेवा. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं लागतं बहुतेक ठिकाणी, आणि डिपॉझिटची बऱ्यापैकी मोठी रक्कम त्यावर ब्लॉक होते, तेवढं लिमिट आहे ना ते आधी बघा.

गाडी छोटी घ्या. चार जण आणि सामान म्हणून मोठी एसयूव्ही घ्यावीशी वाटते पण एकपदरी रस्त्यावर समोरून कॅम्पर व्हॅन आली की तिथे इंचाइंचाचा हिशोब असतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीपासून बुक करा, आयत्या वेळी मिळेलच असं नाही आणि महाग पण पडते. लहान मूल बरोबर असेल तर १२ वर्षांचं होईपर्यंत किंवा उंची १३५ सेंटीमीटर होईपर्यंत चाइल्ड सीट कायद्याने लागते, तीही बुकिंग करतानाच सांगा.

आपल्याला मोठा फायदा म्हणजे तिथेही डावीकडूनच गाडी चालवतात, स्टेअरिंग उजवीकडेच, त्यामुळे युरोपात जी पहिल्या दिवशीची धाकधूक असते ती इथे नाही. पण स्पीडोमीटर मैलांत असतो. गावात ३० मैल, बऱ्याच गावांत आता २०, साध्या दुपदरी रस्त्याला जास्तीत जास्त ६० म्हणजे साधारण ९६ किलोमीटर, मध्ये दुभाजक असलेल्या रस्त्याला आणि मोटरवेला ७०. पांढऱ्या गोलात काळी तिरकी रेघ दिसली की त्या प्रकारच्या रस्त्याची जी कमाल मर्यादा ती लागू. आणि हे नीट लक्षात घ्या, एकपदरी डोंगरी रस्त्यावर सुद्धा ही पाटी दिसते, म्हणजे कायद्याने ६० चालतं, पण त्या रस्त्यावर ६० ने जाणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, तिथे २५-३० मैलच बरोबर.

राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम तिथे सगळे खरोखर पाळतात आणि तुम्हीही पाळाल असंच गृहीत धरून येतात. पेट्रोल पंपावर हिरवं नोझल पेट्रोलचं, काळं डिझेलचं, आणि स्वतःच भरायचं असतं. उत्तर-पश्चिमेला पंप लांब लांब आहेत, टाकी अर्धी झाली की जो पहिला पंप दिसेल तिथे भरून टाका, पुढच्या गावात बघू म्हणू नका.

दारूबद्दल स्पष्ट सांगतो, स्कॉटलंडची मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे, १०० मिलिलीटर रक्तात ५० मिलिग्रॅम, इंग्लंडमध्ये ८०. २०१४ मध्ये खाली आणली. म्हणजे डिस्टिलरी बघायला गेलात तर जो चालवणार त्याने चव सुद्धा घ्यायची नाही. बऱ्याच डिस्टिलरीत चालकाला त्याच्या वाट्याची व्हिस्की छोट्या बाटलीत भरून देतात, विचारा, मुक्कामाला पोचल्यावर शांतपणे घेता येते.

एकपदरी रस्ता, हा भाग नीट वाचा

हायलँड्समध्ये आणि खास करून स्कायवर, ॲपलक्रॉसला, उत्तर-पश्चिम किनाऱ्यावर मैलोन्मैल एकाच गाडीपुरता रस्ता असतो आणि थोड्या थोड्या अंतरावर बाजूला फुगवटा काढलेला असतो, त्याला पासिंग प्लेस म्हणतात, पांढरी पाटी लावलेली असते. नियम सोपा आहे. समोरून गाडी दिसली आणि पासिंग प्लेस तुमच्या डावीकडे असेल तर आत शिरून थांबा. उजवीकडे असेल तर त्यात शिरायचं नाही, रस्त्यावरच तिच्या समोर थांबायचं म्हणजे समोरचा आपल्या डावीकडे त्यात जाऊन तुम्हाला वळसा घालून निघतो. नवखे लोक हमखास इथेच चुकतात, उजवीकडची जागा मोकळी दिसली की तिरके आत घुसतात आणि समोरच्याची पंचाईत होते. चढ चढत येणाऱ्याला शक्यतो आधी वाट द्या. दोघे समोरासमोर आलात तर ज्याला मागची जागा जवळ त्याने रिव्हर्स घ्यायचा, म्हणून रिव्हर्सचा हात साफ हवाच.

दुसरं, मागे गाडी लागली तर ती जागा तिला पुढे जाऊ देण्यासाठी पण आहे. तिथला माणूस कामावर चाललेला असतो, डॉक्टर असतो, मुलांना शाळेत सोडत असतो, आणि तुम्ही डोंगर बघत वीस मैलांनी पुढे चाललेले. डावीकडे घ्या, जाऊ द्या. आणि पासिंग प्लेसमध्ये गाडी पार्क करून फोटोला उतरायचं नाही, कितीही सुंदर दृश्य असलं तरी नाही, मागची सगळी वाहतूक अडकते.

आणि एक बारीक गोष्ट, पण आपल्या लोकांसाठी फार महत्त्वाची. आपल्याकडे डिपर मारला की अर्थ होतो मी येतोय, तू थांब. तिथे समोरच्याने लाइट मारला की बहुतेक वेळा अर्थ होतो तू ये, मी थांबलोय. बरोब्बर उलटं! म्हणजे अरुंद पुलावर समोरचा लाइट मारतोय म्हणून तुम्ही थांबून राहता आणि तो तुमच्यासाठी थांबलेला. उलट तुम्ही सवयीने डिपर मारलात तर तो निघतो तुमच्या अंगावर. म्हणून आपण स्वतः लाइट मारायचाच नाही, आणि त्याने मारला तरी तो खरंच थांबलाय हे बघून मगच पुढे व्हायचं. जाताना स्टेअरिंगवरून हात किंचित उचलून थँक्यू करायचं, सगळेच करतात, न करणं उद्धटपणा वाटतो. हॉर्न विसरून जा.

मेंढ्या रस्त्यावर बसलेल्या असतात, डांबर ऊबदार असतं म्हणून. मे मध्ये कोकरं असतात, मेंढी रस्त्याच्या एका बाजूला आणि कोकरू दुसऱ्या बाजूला दिसलं तर ते आईकडे पळणारच असं धरून चाला. संध्याकाळी आणि पहाटे हरणं येतात, एक गेलं की मागून अजून येतं, लगेच वेग वाढवू नका.

रूट

मी सांगेन तो फेरा असा, एडिंबरा, स्टर्लिंग, ग्लेनको, फोर्ट विल्यम, स्काय, इनव्हर्नेस आणि ब्रेमारवरून परत. आठ ते दहा दिवस ठेवा. ज्यांच्याकडे सहाच दिवस आहेत त्यांनी स्काय सरळ सोडावं, वाईट वाटेल, पण एका रात्रीसाठी स्कायला जाऊन पळत परत येण्यात काही अर्थ नाही, त्यापेक्षा ग्लेनको आणि फोर्ट विल्यमला जास्त राहा.

एडिंबरा शहर गाडी घ्यायच्या आधी चालत बघून घ्या, शहरात गाडी म्हणजे पार्किंगचा ताप. मग गाडी घेऊन थेट स्टर्लिंग, साधारण ६० किलोमीटर. हा किल्ला पहिला बघावा असं माझं ठाम मत आहे कारण पुढचं सगळं इथून समजतं. कड्यावर उभा आहे आणि खाली फोर्थ नदी, पूर्वी उत्तरेत जायचं तर नदी ओलांडायची सोयीची जागा हीच होती, म्हणून स्कॉट आणि इंग्लिशांमधली १२९७ ची स्टर्लिंग ब्रिजची लढाई इथे, १३१४ ची बॅनकबर्न इथून हाकेच्या अंतरावर. स्कॉटलंडच्या मेरी राणीचा राज्याभिषेक १५४३ मध्ये इथेच झाला, तेव्हा ती अवघी नऊ महिन्यांची होती. तटावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा, सपाटी संपून डोंगर कुठे सुरू होतात ती रेषा स्वच्छ दिसते आणि तुम्हाला तिकडेच जायचंय.

स्टर्लिंगहून ग्लेनकोला जाताना बरेच जण ग्लासगोवरून लॉख लोमंडच्या काठाने येणारा ए ८२ घेतात, पण त्याचा टार्बेटच्या पुढचा पट्टा फार अरुंद आहे, बस-ट्रक आले की जीव मुठीत. त्यापेक्षा डून, कॅलंडर, क्रीअनलॅरिक असा रस्ता घ्या, तो सुंदर पण आहे आणि वाटेत डूनचा चौदाव्या शतकातला किल्ला मिळतो. टाइंड्रमला आलात की वीसेक किलोमीटरचा फाटा घेऊन लॉख ऑच्या टोकाचा किलचर्न बघून या. हा माझा सगळ्यात आवडता. कॅम्पबेलांचा पंधराव्या शतकातला किल्ला, नंतर छावणी झाला, १७६० मध्ये वीज पडली आणि तिथून पडीकच. गाडी रस्त्याच्या कडेच्या पार्किंगला लावून रेल्वेच्या पुलाखालून चालत जायचं, वाट चिखलाची असते, बूट तसे घाला. आत अंगणात एका बुरुजाचा माथा उलटा पडलेला आहे, विजेने खाली आला तो तसाच, वरची निमुळती होत जाणारी दगडी गोलाई आता आकाशाकडे. वर असताना जे कोरीव काम मान मोडून बघावं लागलं असतं ते आता कमरेच्या उंचीवर हाताशी आहे, दगडाचा प्रत्येक थर बोटाने चाचपता येतो. कधीकधी दुरुस्तीसाठी आत जाणं बंद असतं, तेव्हा समोरच्या काठावरून, वारा नसेल तर पाण्यात अख्खं प्रतिबिंब दिसतं.

परत टाइंड्रमला येऊन उत्तरेला निघालात की रॅनक मूर लागतं, झाड नाही, घर नाही, नुसतं दलदलीचं पठार आणि डबकी, आणि त्याच्या टोकाला बुखल एटिव्ह मोर हा शंकूसारखा डोंगर एकदम उभा राहतो. तिथून रस्ता ग्लेनकोत उतरतो. आपल्या घाटांची सवय असलेल्याला चढउतार काहीच वाटणार नाहीत, पण दोन्ही बाजूंचे डोंगर इतके अंगावर येतात की नजर रस्त्यावर ठेवणं कठीण, म्हणून थ्री सिस्टर्सच्या पार्किंगला थांबूनच बघा. ग्लेनकोत किल्ला नाही. पण १३ फेब्रुवारी १६९२ ला इथे जे झालं ते कळल्याशिवाय पुढचे किल्ले कळत नाहीत. सरकारी सैनिक बारा-तेरा दिवस मॅकडोनल्डांच्या घरी पाहुणे म्हणून राहिले, त्यांचं अन्न खाल्लं आणि पहाटे उठून त्यांनाच मारलं, अडतीसेक माणसं गेली, आणखी कित्येक बर्फात पळताना गारठून मेली. एवढी वर्षं झाली तरी तो पाहुणचाराचा विश्वासघात म्हणूनच सांगितला जातो. वेळ काढून नॅशनल ट्रस्टच्या व्हिजिटर सेंटरला जा.

ग्लेनको किंवा बॅलाहूलिशला दोन रात्री राहा. मधल्या दिवशी ए ८२८ ने पंचवीसेक किलोमीटर खाली जाऊन कॅसल स्टॉकर बघा, समुद्राच्या छोट्याशा खडकावर एकच चौकोनी मनोरा. आत जायला उन्हाळ्यात मोजक्याच टूर असतात, पण वरच्या रस्त्यावरून दिसतो तो पुरेसा आहे, भरतीच्या वेळी जा.

फोर्ट विल्यम गाव म्हणून काही खास नाही, सामान भरायला, पेट्रोलला आणि बेन नेव्हिससाठी ठीक, १३४५ मीटर, अख्ख्या ब्रिटनमधलं सर्वोच्च शिखर. शेजारी बॅनाव्हीला कॅलेडोनियन कालव्याचे ओळीने आठ लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करणारे दरवाजांचे कप्पे) आहेत, बोट पायरी-पायरीने चढताना बघायला मजा येते. तिथून ग्लेनफिनन, १९ ऑगस्ट १७४५ ला स्टुअर्ट घराण्याच्या प्रिन्स चार्ल्सने इथे निशाण उभारलं आणि शेवटचं मोठं बंड सुरू झालं. खांबावरचा पुतळा मात्र राजपुत्राचा नाही, एका अनाम हायलँडरचा आहे. आणि मागे ती २१ कमानींची रेल्वेची वक्र व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा उंच पूल. वाफेच्या गाडीची वेळ साधायची असेल तर तास-दीड तास आधी पोचा, पार्किंग भरतंच भरतं, आणि भरलं तर मेन रोडच्या कडेला लावू नका.

इथून स्कायला जायचे दोन मार्ग. एक मॅलेगहून फेरीने आर्माडेल, फेरी आधी बुक करावी लागते आणि समुद्र खवळला की रद्द होते. दुसरा मागे फिरून स्पीन ब्रिज, इन्व्हरगॅरी आणि ए ८७. मी जाताना ए ८७ नेच जा म्हणेन, कारण ग्लेन शील आणि आयलन डोनन एका दिवशी, एकापाठोपाठ बघितले पाहिजेत. १७१९ मध्ये स्पेनने जॅकोबाइटांना मदत म्हणून सैनिक पाठवले, त्यातले काही आयलन डोननमध्ये दारूगोळा राखत होते, मे महिन्यात सरकारी युद्धनौका आल्या, किल्ल्यावर तोफा डागल्या आणि आतल्याच दारूने तो उडवून दिला. पुढच्या महिन्यात १० जूनला ग्लेन शीलच्या उतारावर लढाई झाली आणि बंड तिथेच संपलं. तुमचा रस्ता त्याच रणभूमीतून जातो, आणि वरच्या एका शिखराचं नावच स्पॅनिश लोकांचं शिखर असं आहे. म्हणजे आज कॅलेंडरवर दिसतो तो आयलन डोनन, तो दगडी पूल, ते सगळं १९१२ ते १९३२ मधलं पुन्हा बांधलेलं आहे, मधली दोनशे वर्षं तिथे फक्त पडझड होती. काहींना हे कळलं की फसवल्यासारखं वाटतं, मला नाही वाटत. जागा तीच आहे, तीन लॉख जिथे मिळतात ते बेट, आणि पुलावर उभं राहिलं की तिन्ही पाणरस्ते एका नजरेत येतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर सुद्धा पाच मिनिटं थांबा.

स्कायच्या पुलाला आता टोल नाही, २००४ मध्येच गेला. स्कायवर किमान तीन रात्री, आणि राहायचं बुकिंग चार-पाच महिने आधी, ही गोष्ट मी सगळ्यांना कळकळीने सांगतो कारण बेटावर खोल्या कमी आणि येणारे प्रचंड. पोर्ट्रीत मुक्काम केला की सगळं जवळ पडतं. बेटाच्या उत्तरेकडच्या ट्रॉटर्निशचा फेरा म्हणजे ओल्ड मॅन ऑफ स्टॉर आणि क्विराँग, सकाळी आठच्या आत स्टॉरला पोचा म्हणजे पार्किंग मिळेल. हे सगळे सुळके म्हणजे एका प्रचंड दरड कोसळण्याचा परिणाम, ब्रिटनमधला सगळ्यात मोठा भूस्खलनाचा पट्टा. दुसऱ्या दिवशी डनव्हेगन, मॅक्लाउड घराण्याचा, सुमारे आठशे वर्षं त्याच घराण्याकडे आणि अजूनही. बाहेरून थोडा रुक्ष वाटतो पण आत परीचं निशाण म्हणून जपलेलं एक जीर्ण रेशमी कापड आहे, संकटात ते फडकवलं की कुळ वाचतं अशी श्रद्धा. बाग पण सुंदर, पाऊस असला तरी जा. फेअरी पूल्सला, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या डोहांना, गर्दी बघून ठरवा.

परतताना ए ८७, मग इन्व्हरमॉरिस्टनला लॉख नेस गाठायचं. पोर्ट्री ते इनव्हर्नेस साधारण १८५ किलोमीटर, पूर्ण दिवस द्या. अर्कर्ट किल्ला काठावरच, १६९२ मध्ये सोडून जाणाऱ्या सैनिकांनीच जॅकोबाइटांच्या हाती लागू नये म्हणून उडवून दिलेला. तिकीट वेळेसकट आधी ऑनलाइन घ्या, पार्किंग छोटं आहे. नेस सुमारे २३० मीटर खोल, इंग्लंड आणि वेल्सच्या सगळ्या तळ्यांपेक्षा जास्त पाणी एकट्या यात. आणि नकाशात बघा, फोर्ट विल्यम, फोर्ट ऑगस्टस, फोर्ट जॉर्ज तिन्ही या एकाच सरळ दरीत रांगेत आहेत, हायलँड्स मधोमध कापून धरायची ती योजना होती.

इनव्हर्नेसला एक दिवस ठेवा. सकाळी कलोडन, जॅकोबाइटांच्या शेवटच्या लढाईचा माळ, १६ एप्रिल १७४६, तासाभराच्या आत सगळं संपलं. माळावर कुळांच्या नावाचे दगड आहेत, शांतपणे चाला, ती कबरस्तानाची जागा आहे. दुपारी फोर्ट जॉर्ज, त्या लढाईनंतर पुन्हा बंड होऊ नये म्हणून बांधायला घेतला आणि १७६९ ला पूर्ण झाला, तोवर बंड करायला कोणी उरलंच नव्हतं. तटावरून समुद्रात कधीकधी डॉल्फिन दिसतात. एखादा दिवस जास्त असेल तर उत्तरेला डनरॉबिन, १८९ खोल्यांचा महाल, खाली बाग आणि ससाण्यांचे खेळ. पण नॉर्थ कोस्ट ५०० पूर्ण करायचा तर त्याला वेगळा आठवडा काढा, तो ५१६ मैलांचा आहे आणि निम्म्याहून जास्त रस्ता हळू.

परत येताना

सगळे ए ९ ने येतात, चांगला रस्ता आहे, वाटेत पांढराशुभ्र ब्लेअर कॅसल आहे ज्याच्या ड्यूकची युरोपातली एकमेव खाजगी फौज आहे. डनब्लेनपर्यंत सरासरी वेग मोजणारे कॅमेरे आहेत, एका कॅमेऱ्यापाशी हळू होऊन उपयोग नाही. पण हवा स्वच्छ असेल तर ग्रँटाउन, टॉमिंटूल, ब्रेमार असा ए ९३९ आणि ए ९३ चा रस्ता घ्या आणि ब्रेमारला एक रात्र राहा, म्हणजे दोन्ही दिवस दीडशे किलोमीटरच्या आसपास राहतात. बर्फ पडला की हा रस्ता लोखंडी गेट लावून बंद करतात, एप्रिलमध्ये सुद्धा सकाळी चौकशी करा. माळरानावर एकटाच कॉरगार्फ दिसतो, जुना उंच पांढरा मनोरा आणि भोवती कलोडननंतर सैन्याने घातलेला चांदणीच्या आकाराचा तट, बंदुकीच्या फटींसकट. कुळाचा किल्ला आणि सरकारची छावणी, दोन्ही एकाच इमारतीत, आणि शेजारून जाणारा रस्ता तोच जुना लष्करी. पुढे ग्लेनशीची खिंड ६७० मीटरवर, मग उतार थेट पर्थपर्यंत.

थोडं पैशांचं आणि पोटाचं. स्टर्लिंग, अर्कर्ट, डून, फोर्ट जॉर्ज, एडिंबरा हे हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या सरकारी संस्थेकडे आहेत, त्यांचा एक्सप्लोरर पास घेतला तर सुटी तिकिटं घेण्यापेक्षा स्वस्त पडतो, आयलन डोनन, डनव्हेगन, ब्लेअर यात येत नाहीत. गावातल्या हॉटेलांचं किचन रात्री आठ-साडेआठला बंद होतं, उजेड असतो म्हणून वेळेचं भान राहत नाही आणि उपाशी झोपायची पाळी येते, गाडीत ब्रेड, चीज, फळं ठेवा. शाकाहारी लोकांना मसूराचं सूप, भाजलेला बटाटा, मॅकरोनी चीज आणि हो, शाकाहारी हॅगिस (मूळचा मेंढीच्या काळीज-यकृताचा स्कॉटिश पदार्थ) बऱ्याच ठिकाणी मिळतं, चवीला खरंच चांगलं असतं. मोबाइलला दऱ्यांमध्ये रेंज नसते, नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवा. इमर्जन्सीला ९९९ किंवा ११२.

तंबू ठोकायचा असेल तर २००३ च्या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर परवानगी आहे, पण तो हक्क पायी जाणाऱ्याला, गाडीत झोपायला नाही, आणि लॉख लोमंडच्या काही भागांत मार्च ते सप्टेंबर परमिट लागतं.

गाडी परत करायच्या आधी टाकी भरा आणि पंपाची पावती जपून ठेवा, गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढा, चाकांच्या रिमचे सुद्धा, कारण दगडी कठड्यांना घासतात ती तीच. आणि हातात स्कॉटिश बँकांच्या नोटा उरल्या असतील तर तिथेच बदलून किंवा खर्चून टाका, पौंडच आहेत पण आपल्याकडे त्या घ्यायला कोणी सहसा तयार होत नाही.